नव्या उद्योगातील वाटा



नांदूरघाटसारख्या गावी ‘स्टार्टअप’ या विषयावर व्याख्यान कशाला, असे काहींना वाटेल. पण नवा उद्योग काढू म्हणणारी मुले आता खेड्यांतूनही निघू लागली आहेत. कल्पना चांगली असते, मेहनतीची तयारी असते. तरी पुष्कळ उद्योग मोडतात ते वाट्यावरून. आणि वाट्याचा प्रश्न आपल्याला काही नवा नाही.

बटईदाराचा वाटा पेरणीआधी ठरतो, पण हाती पडतो खळ्यावर. पेरून निघून गेलेल्याला कोणी निम्मी रास मोजून देत नाही. सालगड्याचे साल पाडव्याला सुरू होते नि पाडव्याला संपते. त्याने मध्येच काम सोडले तर हिशेब केलेल्या दिवसांचा होतो. हेच तत्त्व नव्या कंपन्यांत ‘व्हेस्टिंग’ या नावाने नांदते. आपण त्याला हक्क मुरणे म्हणू.

समजा, तिघा मित्रांनी समान भागांची कंपनी काढली. आठव्या महिन्यात एकाला नोकरी लागली नि तो गेला. भाग मात्र त्याच्याच नावावर राहिले. उरलेले दोघे पाच वर्षे राबले, आणि वाढलेल्या किमतीचा तिसरा हिस्सा गेलेल्याचा झाला. पुढे पैसा घालायला आलेला गृहस्थ हा कागद पाहतो आणि विचारात पडतो.

म्हणून सर्वसाधारण प्रघात असा की, हक्क 4 वर्षांत मुरावा. पहिले वर्ष पुरे होण्याआधी जाणाऱ्यास काही नाही. वर्ष भरताच चौथा हिस्सा, आणि नंतर दरमहा अठ्ठेचाळिसावा. दीड वर्षाने जो गेला, त्याचे 48 पैकी 18 हिस्से मुरले, 30 परत. संस्थापकांचे भाग बहुधा पहिल्या दिवशीच नावावर चढतात. न मुरलेले भाग नाममात्र किमतीस परत द्यावेत, असा करार असतो.

मित्रामित्रांत कागद कशाला, असे कोणी म्हणेल. आम्ही म्हणतो, बांधावरून कोर्टात गेलेले भाऊ आपण पाहिले नाहीत काय? गोडी असते तेव्हाच लिहून घ्यावे. गोडी गेल्यावर कोणी सही करीत नाही.

आता भांडवल. आपल्या जिल्ह्यातून ऊसतोडीला जाणारी माणसे मुकादमाकडून उचल घेतात आणि हंगामात ती अंगमेहनतीने फेडतात. गुंतवणूकदाराचा पैसा उचल नव्हे. उद्योग बुडाला तर तो पैसाही बुडतो. म्हणूनच तो व्याज न मागता भाग मागतो. कंपनीची किंमत 80 लाख ठरली आणि त्याने 20 लाख घातले, तर शंभरात वीस भाग त्याचे. ज्याचा वाटा 50 टक्के होता त्याचा 40 होतो. पुन्हा तसाच व्यवहार झाला की 32. उचल फिटते, दिलेला भाग फिटत नाही. तेव्हा गरजेपुरताच पैसा घ्यावा. शिवाय खासगी कंपनीला पावतीपुस्तक घेऊन गावभर भाग विकता येत नाहीत. कायद्याने तिला जाहीर विक्रीची मनाई आहे.

पहिला पैसा मात्र बहुधा घरातूनच येतो. वडिलांची ठेव मोडते, आईचे दागिने गहाण पडतात. तो पैसा उसना की भागापोटी, हेही लिहून ठेवावे. कारण बुडीत उद्योगाचा घाव पहिल्यांदा त्याच घराला बसतो.

1981 साली पुण्यात सात अभियंत्यांनी इन्फोसिस काढली, ती नारायण मूर्तींनी पत्नी सुधा मूर्ती यांच्याकडून घेतलेल्या 10,000 रुपयांवर. 1989 साली एक सहकारी बाहेर पडले. 1990 साली कंपनीला 10 लाख डॉलरची मागणी आली. विकून मोकळे व्हावे, असे सहकाऱ्यांच्या मनात होते. मूर्ती म्हणाले, तुमचे भाग मीच घेतो. ते ऐकून सहकाऱ्यांनी विकण्याचा विचार सोडला. 1993 साली कंपनीचे भाग 95 रुपयांस जाहीर विक्रीला आले. पुढे कर्मचाऱ्यांनाही भाग मिळाले. बारा वर्षे जे थांबले, त्यांची रास खळ्यावर आली.

प्रत्येकाला असा सुगीचा दिवस दिसेलच असे नाही. पण उद्योग बुडाला तरी मैत्री आणि घर बुडू नये, एवढे आपल्या हाती आहे. म्हणून उद्या आपला मुलगा वा मुलगी नव्या उद्योगासाठी पैसे मागायला आली, तर नाही म्हणू नका, आधी एवढेच विचारा, “वाटा कोणाचा किती, आणि मध्येच सोडून गेला तर काय?” उत्तर कागदावर असेल, तर खुशाल आशीर्वाद द्या.