न पाहिलेल्या मुंबईचा इन्स्पेक्टर



पालघरहून चर्चगेटला लोकलने दोनेक तास लागतात. एक हात वरच्या कडीला, दुसऱ्यात पुस्तक. परवा त्या हातात एच. आर. एफ. कीटिंग या इंग्रज लेखकाची ‘द परफेक्ट मर्डर’ होती. शेजारच्याने वाकून विचारलं, “घोटे? आपल्यातलेच का?”

आपल्यातलेच. मुंबई सीआयडीचे इन्स्पेक्टर गणेश घोटे. गंमत म्हणजे कादंबरी आली 1964 साली, तेव्हा कीटिंगनी भारतात पाऊलही ठेवलेलं नव्हतं. आधीची पुस्तकं अमेरिकी प्रकाशकांना फारच ब्रिटिश वाटली, म्हणून गडी निघाला थेट मुंबईला, तेही घरच्या टेबलावरून. आणि ब्रिटनमधला रहस्यकथेचा मानाचा ‘गोल्ड डॅगर’ मिळवून बसला.

चुका शोधायला बसलात तर सापडतील. घोट्यांच्या बायकोचं नाव प्रोतिमा, अस्सल बंगाली. घोट्यांचं इंग्रजी तर मला खटकतंच. मराठी माणूस इंग्रजीत अडखळतो, पण इतक्या लाडिकपणे नाही.

तरीही मी पुस्तक मिटलं नाही, त्याला कारण एक रुपया. मंत्रिमहोदयांच्या टेबलावरून रुपयाची नोट चोरीला जाते. तिकडे परफेक्ट नावाच्या पारशी सेक्रेटरीवर जीवघेणा हल्ला झालेला. वरून हुकूम, दोन्ही तपास करा. भरीला युनेस्कोचा एक धिप्पाड स्वीडिश पाहुणा, भारतीय पोलीस काम कसं करतात ते पाहायला घोट्यांच्या पाठीशी उभा. प्रश्न त्याचे, घाम घोट्यांचा.

बोईसरच्या एमआयडीसीत ज्यांनी ऑडिटच्या दिवशी मशीन चालवलंय, त्यांना हे वेगळं सांगायला नको. रोजचं काम, रोजचे हात, पण मागे कुणी वही घेऊन उभं राहिलं की पाना निसटतो. ज्या वर्षी हे पुस्तक आलं, त्याच सुमारास इकडे तारापूरच्या अणुवीज केंद्राची उभारणी सुरू होत होती, अमेरिकी तंत्रज्ञांसोबत. तिथेही एखादे घोटे असतील, असं उगाच वाटून गेलं.

आमच्या वसईकडचा अर्नाळा ज्यांच्या नावात आहे, त्या मराठी रहस्यकथाकार बाबूराव अर्नाळकरांचा नायक झुंजार साहेबाच्या फोनला कधी दचकला नसता. घोटे दचकतात, मनात चरफडतात, “यस सर” म्हणतात आणि पुन्हा त्या नोटेमागे लागतात. कीटिंगना मुंबई ठाऊक नव्हती, नोकरी मात्र पक्की ठाऊक होती.

पुढे लेखकाने मुंबई पाहिल्याशिवाय मुंबई लिहिली, हे एअर इंडियाच्या कानावर गेलं आणि त्यांनीच विमानाचं तिकीट देऊ केलं. पहिल्या पुस्तकानंतर दहाएक वर्षांनी कीटिंग मुंबईत उतरले. 1988 साली सिनेमा निघाला, घोटे झाले नसीरुद्दीन शाह. शेवटचं घोटे-पुस्तक 2009 चं. 2011 मध्ये कीटिंग गेले.

विरारला गर्दी आत घुसली तेव्हा शेजारच्याचा पुन्हा प्रश्न, “मग परफेक्टला मारलं कुणी?”

म्हटलं, “परफेक्ट अजून जिवंत आहे. नोटेचं विचारा.”