कामगार-अधिकाऱ्याचा पोशाख

१९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या ४९ व्या कलमाने ५०० किंवा अधिक कामगारांच्या कारखान्यात कल्याण-अधिकारी नेमणे बंधनकारक केले. त्याची पात्रता व कर्तव्ये राज्य सरकारांनी ठरवावयाची होती. पोशाख मात्र त्याच्या तारतम्यावर राहिला. आज दारावर मनुष्यबळ विभागाची पाटी आली, तरी ती पंचाईत सुटलेली नाही.

सकाळी व्यवस्थापकांची बैठक, दुपारी यंत्रशाळेत फेरी, आणि मधल्या वेळी रजा नाकारली गेलेला एखादा कामगार दाराशी उभा. कोट-टायमधल्या माणसाला तो घरची अडचण सांगेल काय? बहुधा ‘होय साहेब’ म्हणून परत फिरेल, आणि तीच तक्रार पुढे युनियनच्या पत्रातून येईल. याचा अर्थ चुरगळलेला सदरा घालावा, असा कोणी करू नये. अर्ज घेऊन येणारा कामगार स्वतः धुतलेले कपडे घालून आलेला असतो. समोरचा गबाळेपणा त्याला आपला अवमानच वाटतो.

इस्त्रीचा सदरा आणि साधी विजार, किंवा नेटकी सुती साडी, एवढ्याने भागते. यंत्रशाळेत शिरताना मात्र लोंबता टाय, ओढणी, मोकळा पदर आवरलाच पाहिजे. चालत्या यंत्राची तपासणी करणाऱ्याने अंगाबरोबर बसणारे कपडे घालावेत, असे त्याच अधिनियमाच्या २२ व्या कलमात लिहिले होते. आणि ते कामगारांना समजावून सांगणाऱ्याचाच टाय यंत्राच्या पट्ट्यावर लोंबत असला, तर ऐकणारे एकमेकांकडे पाहून हसतात.