परहस्ते ठेवलेल्या सोन्याचे भाडे

अमेरिकेतील नोकरदारांना आणि स्वतंत्र व्यावसायिकांना करसवलतीसह म्हातारपणाची तरतूद करता यावी म्हणून १९७४ च्या कायद्याने वैयक्तिक निवृत्ती खाते सुरू झाले. 'आयआरए' या आद्याक्षरांनी ओळखल्या जाणाऱ्या या खात्यात समभाग व रोखे यांच्या जोडीला प्रत्यक्ष सोने-चांदीही ठेवता येते. मात्र खातेदाराला ती घरी नेता येत नाही, आणि साठवणीच्या खर्चाचा सगळा प्रश्न या एका अटीतून उद्भवतो. मौल्यवान धातू, चित्रे, जुनी नाणी अशा संग्राह्य वस्तू खात्यातून घेतल्यास तेवढी रक्कम काढून घेतली असे समजावे, असे १९८१ मध्ये अमेरिकी काँग्रेसने ठरवले. १९८६ मध्ये सरकारी टाकसाळीच्या 'ईगल' नाण्यांचा अपवाद केला आणि १९९७ मध्ये ठरावीक शुद्धतेच्या लगडींनाही मुभा दिली. सोन्याच्या लगडीत हजारात किमान ९९५ भाग शुद्ध सोने लागते. सोन्याचे ईगल नाणे २२ कॅरटचेच असते, पण कायद्यात त्याची वेगळी नोंद असल्यामुळे ते चालते. या नाण्यांबाबत ताब्याची अट सैल आहे, असा अर्थ लावून एका खातेदाराने ती घरच्या तिजोरीत ठेवली, तेव्हा २०२१ मध्ये तेथील कर न्यायालयाने ती खात्यातून बाहेर पडल्याचे मानून त्यांच्या किमतीवर कर लावला.

कायद्याने ताबा विश्वस्ताकडे, म्हणजे बँकेकडे किंवा सरकारमान्य संस्थेकडे, दिलेला असला तरी तो विश्वस्त धातू बहुधा एखाद्या खासगी कोठारात ठेवतो आणि पहारा, विमा व तपासणी यांचा खर्च खातेदाराकडे येतो. साठवण दोन प्रकारची असते: एकत्रित साठवणीत, वखारीत ठेवलेल्या धान्याप्रमाणे, तेवढ्याच वजनाचा व प्रतीचा माल परत मिळतो, पण तोच मिळेल असे नाही, स्वतंत्र साठवणीत तीच लगड, तेच नाणे परत मिळते आणि त्यासाठी जास्त पैसे पडतात. चांदीची अडचण निराळीच आहे. सोन्याचा भाव चांदीच्या ८० पट धरला, तर तेवढ्याच किमतीची चांदी वजनाने ८० पट भरते आणि हलकी असल्याने जागा जवळजवळ १४७ पट अडवते, म्हणून काही कोठारे चांदीला वेगळा दर लावतात.

भारतातील बँकेच्या लॉकरचे भाडे खणाच्या आकारावर ठरते, आत काय आहे हे बँक विचारत नाही. आयआरएच्या धातूसाठी मात्र आकारणी एक तर ठोक रकमेत किंवा धातूच्या किमतीच्या टक्केवारीत होते. वर्षाला १०० डॉलर ठोक असतील, तर १०,००० डॉलरच्या सोन्यावर ते एक टक्का आणि एक लाखाच्या सोन्यावर दशांश टक्का पडतात, म्हणजे लहान बचतदारालाच ही पद्धत महाग पडते. टक्केवारीचा भार औंसांत मोजला तर अधिक स्पष्ट होतो. ट्रॉय औंस म्हणजे सुमारे ३१.१ ग्रॅम, सोने व्याज देत नसल्याने अर्धा टक्का शुल्क दर वर्षी सोने विकूनच भागवले, तर भाव कितीही चढो वा उतरो, १०० औंसांचे २० वर्षांनी सुमारे ९०.५ औंस उरतात आणि एक टक्का असेल तर ८२ च्या आत येतात. सोन्याच्या फंडातही हे भाडे असतेच, फक्त ते युनिटच्या किमतीतून परस्पर वळते होते. २००४ मध्ये सुरू झालेल्या 'एसपीडीआर गोल्ड शेअर्स'चा वार्षिक खर्च ०.४० टक्के आहे. प्रत्यक्ष धातूच्या खात्यात साठवणीशिवाय खाते सांभाळण्याचे शुल्कही भरावे लागते, आणि जाहिरातींत दोन्ही आकडे शेजारी-शेजारी क्वचितच दिसतात.

आयआरएच्या 'पारंपरिक' प्रकारच्या खात्यातून वयाच्या ७३ व्या वर्षापासून दर वर्षी ठरावीक हिस्सा काढावाच लागतो. पहिल्या वर्षी तो साधारणतः शिल्लक रकमेला २६.५ ने भागून येतो. खात्यात एकच किलोची लगड असेल तर तिचा सव्वीसावा तुकडा पाडून मिळत नाही, म्हणून अनेक जण घेतानाच घडणावळ जास्त मोजून एकेका औंसाची नाणी घेतात.