मृत्युकर, वारसा आणि परिग्रह-परिमाण
(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानाचा सारांश)



आपल्या ट्रस्टची स्थापना झाली, त्या काळी देशात मृत्युकर लागू होता. चिंतामणराव देशमुख अर्थमंत्री असताना १९५३ साली इस्टेट ड्यूटीचा कायदा झाला. पुढे २० लाखांवरील संपत्तीस त्याचा दर ८५ टक्क्यांपर्यंत गेला. हयातीत संपत्ती कर आणि मृत्यूनंतर वारसांकडून हा कर, अशी दुहेरी आकारणी होती.

१९८३ साली माझे वडील निवर्तले. मी नुकताच बी.कॉम. झालो होतो. आमची संपत्ती म्हणजे दुकानाची जागा, कापडाचे तागे आणि गिऱ्हाइकांकडील उधारी. कागदावर आकडा मोठा, गल्ल्यात रोकड थोडी. अखेर दिवाळीसाठी भरलेला माल पडत्या भावाने विकून कर भरला. पुढे कित्येक वर्षे या कराचे नाव निघताच माझा संताप होई.

१६ मार्च १९८५ रोजी अर्थमंत्री विश्वनाथ प्रताप सिंह यांनी तो रद्द करण्याची घोषणा केली. उत्पन्न अवघे सुमारे २० कोटी रुपये, त्या मानाने वसुलीचा खर्च जास्त, आणि विषमताही घटली नाही, अशी कारणे त्यांनी दिली. पुढे २०१५ च्या अर्थसंकल्पाने संपत्ती करही गेला.

आज वाटते, दोष दरात आणि वसुलीच्या रीतीत होता. वडिलांनी मिळविलेले मला लाभले, त्यात माझे कर्तृत्व कोणते? पगारदार मनुष्य श्रमाच्या मिळकतीवर आयकर भरतो. वारसाला आयत्या मिळकतीवर तो लागत नाही. ब्रिटनमध्ये ठराविक मर्यादेवरील वारशावर ४० टक्के कर आहे. पण जमीनजुमला व धंदा यांवरील कर दहा वार्षिक हप्त्यांत फेडता येतो. तशी सोय, मोठी करमुक्त मर्यादा आणि माफक दर असेल, तर असा कर पुन्हा आल्यास मी विरोध करणार नाही. व्यापारी बांधवांस हे रुचणार नाही, याची मला जाणीव आहे.

जुन्या कायद्यात, मृत्यूपूर्वी किमान सहा महिने आधी सार्वजनिक धर्मादायास दिलेले दान करातून वगळले जाई. श्रावकाच्या पाचव्या अणुव्रतात अशी मुदत नाही. परिग्रहाची मर्यादा हयातीतच ठरवावयाची असते. मुलांशी बोलून मी माझी मर्यादा ठरविली आहे. तीवरील रक्कम याच वर्षी ट्रस्टच्या शिक्षणकार्यास देत आहे. आपणही आपली मर्यादा या सुवर्णमहोत्सवी वर्षात वहीत लिहून ठेवावी, एवढीच विनंती.

जय जिनेंद्र!