घरपट्टीतले सहा टक्के

(राष्ट्रीय ग्रंथालय सप्ताहानिमित्त बेळगावातील एका गल्लीच्या युवक मंडळाने भरवलेल्या सभेत केलेले भाषण. वक्ते बँकेत लिपिक आहेत.)



व्यासपीठावरून बोलण्याची मला सवय नाही. माझी सवय काउंटरच्या काचेमागे बसून पावतीवर शिक्का मारण्याची. बी. कॉम. झालो, बँकेत लागलो, त्याला आता बावीस वर्षे होतील. त्यामुळे माझ्या बोलण्यात साहित्य कमी आणि हिशेब जास्त येईल, तो आपण सांभाळून घ्यावा.

दरवर्षी एप्रिलमध्ये घरपट्टी भरली की सवलत मिळते. आता बरेच जण मोबाइलवरून भरतात, तरी आपल्या भागातले वडीलधारे लोक अजून चलन घेऊन काउंटरवरच येतात. एका एप्रिलमध्ये आपल्याच भागातले एक निवृत्त काका आले. चलनावर बोट ठेवून म्हणाले, "हे सेस कसले रे? घरपट्टी एवढी, आणि वर हे काय?" मी वाचून दाखवले. आरोग्य उपकर पंधरा टक्के, ग्रंथालय उपकर सहा टक्के, भिक्षुक उपकर तीन टक्के. काका म्हणाले, "ग्रंथालयाचे आपण देतोय होय? मग ते ग्रंथालय आहे कुठे?"

माझ्यामागे मोठी रांग होती. मी हसून पावती दिली आणि "पुढचे" म्हणालो. पण तो प्रश्न डोक्यातून गेला नाही. कारण मलाही नीट उत्तर माहीत नव्हते. हजारो चलने माझ्या हाताखालून गेली असतील, त्या एका ओळीकडे मी कधी पाहिले नव्हते. आज त्या काकांना द्यायचे राहिलेले उत्तर मी आपल्यासमोर देणार आहे.

आपल्या गावात ग्रंथालय म्हटले की दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत, आणि आपण त्यांची गल्लत करतो. पहिली म्हणजे लोकांनी वर्गणी काढून उभी केलेली वाचनालये. यात आपल्या बेळगावचा मान मोठा आहे. आपले सार्वजनिक वाचनालय १८४८ सालचे. मुंबई विद्यापीठ १८५७ सालचे, म्हणजे विद्यापीठाच्या नऊ वर्षे आधी इथल्या लोकांनी वाचनाची सोय केली होती. पुस्तके देणे, वर्तमानपत्रे ठेवणे, व्याख्याने भरवणे हे काम अशा संस्थांनी पिढ्यान्‌पिढ्या केले. १९२९ आणि १९४६ अशी दोन मराठी साहित्य संमेलने या गावात झाली. १९४६ च्या संमेलनात ग. त्र्यं. माडखोलकर अध्यक्ष होते आणि संयुक्त महाराष्ट्राची मागणी तिथे झाली, हे आपण दरवर्षी अभिमानाने सांगतो. पण ते संमेलन आकाशातून पडले नाही. ज्या गावात शंभर वर्षे वाचनाची सवय होती, त्या गावात ते झाले. कडोली, उचगाव, येळ्ळूर या खेड्यांतून आजही साहित्य संमेलने भरतात, लोक मांडवात बसून दिवसभर ऐकतात, तेही याच सवयीमुळे.

दुसरी गोष्ट म्हणजे सरकारी सार्वजनिक ग्रंथालय. ते कायद्याने चालते आणि आपल्या करातून चालते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी आपण तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेलो. त्या राज्याने १९६५ साली सार्वजनिक ग्रंथालय कायदा केला. त्यामागे डॉ. एस. आर. रंगनाथन यांचे विचार होते. ग्रंथालयशास्त्रातला हा मोठा माणूस आयुष्याची शेवटची वर्षे बेंगळुरूमध्ये राहिला. त्यांनी १९३१ साली ग्रंथालयाचे पाच नियम सांगितले. त्यातला पहिला नियम असा की पुस्तके वापरण्यासाठी असतात, आणि दुसरा असा की प्रत्येक वाचकाला त्याचे पुस्तक मिळाले पाहिजे. प्रत्येक वाचकाला, एवढेच. त्यात भाषेची अट नाही.

इथे शेजारच्या महाराष्ट्राशी एक फरक समजून घ्या. शिनोळी ओलांडली की चंदगड तालुका लागतो. तिथे १९६७ चा महाराष्ट्राचा ग्रंथालय कायदा चालतो. तिथे लोकांनी चालवलेल्या वाचनालयांना अ, ब, क, ड असे वर्ग देऊन सरकार अनुदान देते, पण लोकांवर ग्रंथालय उपकर नाही. आपल्याकडे उलट आहे. सरकार स्वतः ग्रंथालय चालवते आणि त्यासाठी घरपट्टीवर उपकर घेते. गोव्यात तर ग्रंथालयासाठी मद्यावर अधिभार आहे, म्हणजे पिणारा पितो आणि वाचणारा वाचतो! आणि कायद्याचाच मान विचाराल, तर भारतातला पहिला ग्रंथालय कायदा आपल्या शेजारच्या कोल्हापूर संस्थानाने १९४५ साली केला. तेव्हा हा विषय आपल्या मुलखाला परका नाही.

आता हिशेब. समजा, एका घराची घरपट्टी तीन हजार रुपये आहे. तिच्यावर सहा टक्के म्हणजे एकशे ऐंशी रुपये ग्रंथालयाचे. आपल्या गल्लीत अशी चाळीस घरे धरली, तर वर्षाचे सात हजार दोनशे होतात. दहा वर्षांचे बहात्तर हजार. ही एका गल्लीची गोष्ट झाली. गावात गल्ल्या किती, ते आपणच मोजा. म्हणजे आपण सारेच वर्गणीदार आहोत. न विचारता झालेले, पण वर्गणीदार. ज्या बँकेत आपले खाते आहे तिचे पासबुक आपण दर महिन्याला भरून घेतो. या खात्याचे पासबुक आपण कधी मागितले आहे काय?

एवढे गणित झाल्यावर मी एका शनिवारी दुपारी एका सरकारी वाचनकक्षात गेलो. कुठल्या, ते सांगत नाही, कारण तक्रार करायला मी आलेलो नाही. टेबलावर कन्नड आणि इंग्रजी दैनिके होती, मराठी एकही नव्हते. कपाटात मराठी पुस्तकांचा एक खण होता, त्यातली बरीचशी पाने पिवळी पडलेली, बांधणी सुटलेली. मला राग आला. मी ग्रंथपालांकडे जाऊन जरा चढ्या आवाजात विचारले, "मराठी लोक कर देत नाहीत काय?"

ते गृहस्थ कन्नड भाषक. त्यांनी शांतपणे खुर्ची पुढे केली, बसा म्हणाले. मग ड्रॉवरमधून एक वही काढली. वाचकांनी कोणती पुस्तके हवीत ते लिहून ठेवण्याची वही. आपल्या बेळगावी मराठीतच म्हणाले, "सर, तुमच्या लोकांनी मराठी पाहिजे म्हणून लिहून दिलासा काय कधी? बघा तुम्हीच." मी पाने उलटली. तीन वर्षांची पाने होती. कन्नड पुस्तकांची नावे होती, स्पर्धा परीक्षांच्या इंग्रजी पुस्तकांची होती. मराठीत एक ओळ नव्हती. सभासदांचे रजिस्टर पाहिले, तर त्यात आपली आडनावे हाताच्या बोटांवर मोजण्याएवढी. ते म्हणाले, "मागणीच नाही, तर वर काय म्हणून लिहू?"

मित्रहो, बँकेतही असेच आहे. अर्ज नाही तर कर्ज नाही. मी त्या दिवशी मान खाली घालून बाहेर पडलो.

मान खाली घालण्याचे आणखी एक कारण होते, तेही सांगतो. माझा मुलगा इंग्रजी माध्यमात शिकतो. त्यात मला कमीपणा वाटत नाही, तो आम्ही विचारपूर्वक घेतलेला निर्णय आहे. पण माझ्या आईच्या डोळ्यांचे ऑपरेशन झाले तेव्हा डॉक्टरांनी तिला महिनाभर वाचायला मनाई केली. तिला रोज सकाळी पेपर लागतो. मी बँकेत, बायको कामावर, म्हणून तिने नातवाला सांगितले, "बाळ, जरा वाचून दाखव." तो वाचायला लागला. अक्षर अक्षर जुळवत, जोडाक्षरापाशी अडत. एक बातमी संपायला दहा मिनिटे. तिसऱ्या दिवशी आई म्हणाली, "राहू दे रे, दमतोस तू." ती रागावली असती तर बरे झाले असते.

घरात मराठी बोलतो म्हणून मराठी टिकेल, असे मी समजत होतो. बोलणे कानाने येते, वाचणे वाचूनच येते. मी स्वतः लहानपणी वडिलांचे बोट धरून वाचनालयात जात होतो. नोकरी लागल्यावर ते सुटले, आणि मुलाचे बोट धरून मी कधी गेलोच नाही. मोर्चात मी गेलो आहे, काळ्या दिनाला गेलो आहे. आपला सीमाप्रश्न २००४ सालापासून सर्वोच्च न्यायालयात आहे, त्याच्या तारखा मला पाठ आहेत. पण मुलाला वाचनालयाचे कार्ड काढून दिले नव्हते. निकाल उद्या आपल्या बाजूने लागला आणि तो वाचायला घरात कोणी उरले नाही, तर त्या निकालाचे आपण काय करणार?

यावर काय करता येईल, ते मी काउंटरवरच्या माणसासारखे क्रमाने सांगतो.

पहिले, सभासद व्हा. घरटी एक कार्ड. लहान मुलांसाठी तर सोपे आहे. २०२० साली राज्य सरकारने 'ओदुव बेळकु' नावाची मोहीम सुरू केली, म्हणजे वाचनाचा प्रकाश. त्यात खेड्यांतल्या मुलांना ग्रामपंचायतीच्या ग्रंथालयाचे सभासदत्व मोफत दिले गेले. ही ग्रामीण ग्रंथालये २०१९ साली ग्रामविकास खात्याकडे आली, तेव्हा येळ्ळूर, कडोली, उचगावकडच्या मंडळींनी आपल्या ग्रामपंचायतीत जाऊन विचारायचे. पंचायतीत माणसे आपलीच आहेत.

दुसरे, लेखी मागणी. तोंडी बोलून उपयोग नाही. पुस्तकाचे नाव, लेखक, प्रकाशक असे स्वच्छ लिहा. अर्जाच्या दोन प्रती करा, एकीवर पोच म्हणून सही-शिक्का घ्या आणि ती जपून ठेवा. बँकेत बावीस वर्षांत मी एवढेच शिकलो की ज्याच्याकडे पोच असते त्याचेच काम होते.

तिसरे, हिशेब मागा. माहिती अधिकार कायदा २००५ सालापासून आहे. दहा रुपये शुल्क, तीस दिवसांत उत्तर. तीनच प्रश्न विचारा. ग्रंथालय उपकर किती गोळा झाला? त्यातला ग्रंथालयाकडे किती पोचला? मराठी पुस्तकांवर किती खर्च झाला? स्थानिक संस्था उपकर गोळा करतात, पण तो ग्रंथालयाकडे वेळेवर वळता होत नाही, अशा बातम्या राज्यभरातून वारंवार येतात. यात आपले आणि कन्नड वाचकाचे नुकसान सारखेच आहे. या मुद्द्यावर तो आपल्याबरोबर उभा राहील. ग्रंथालय हा शब्ददेखील दोन्ही भाषांत एकच आहे.

चौथे, आपल्या नगरसेवकांना विचारा. ते मते मागायला येतात तेव्हा आपण गटार आणि दिवे विचारतो. ग्रंथालयाचेही विचारा. महापालिकेच्या अंदाजपत्रकाच्या सभेत उपकराच्या ओळीवर बोट ठेवणारा एक माणूस आपल्याला हवा.

आणि पाचवे, जागा वापरा. ग्रंथालय म्हणजे केवळ पुस्तकांचे कपाट नव्हे. तिथे मुलांना गोष्टी वाचून दाखवता येतात, परीक्षेचा अभ्यास करणाऱ्यांना शांत टेबल मिळते, व्याख्यान ठेवता येते. माझ्याकडे रोज पेन्शनवाल्या आजी स्लिप भरून घ्यायला येतात, बचत गटातल्या वहिनी फॉर्म घेऊन येतात. आठवड्यातून एक तास वाचनकक्षात बसून हे फॉर्म भरायला शिकवायला मी तयार आहे. शिक्षक, वकील, परिचारिका आपल्यातही आहेत. प्रत्येकाने एक तास दिला तरी वर्षाचा कार्यक्रम तयार होतो. परवानगीचा अर्ज मी लिहून आणला आहे, दोन प्रतींत.

माझे काय झाले, तेही सांगतो. त्या शनिवारनंतर आम्ही सतरा जणांनी सह्या करून मागणीचा अर्ज दिला आणि पोच घेतली. चार महिन्यांनी त्या टेबलावर एक मराठी दैनिक येऊ लागले. मागितलेली पुस्तके अजून आलेली नाहीत. स्मरणपत्र दिले आहे, त्याचीही पोच आहे. ग्रंथपालांनी स्वतः ते वर पाठवले. मुलगा माझ्याबरोबर शनिवारी येतो. सुरुवातीला कुरकुर केली, आता खेळाचे पान आधी उघडतो. जोडाक्षरावर अजून अडतो, पण परवा आजीला एक पूर्ण बातमी त्याने न थांबता वाचून दाखवली. बातमी पाणीपुरवठ्याची होती. आई म्हणाली, "आणखी एक वाच."

ते निवृत्त काका आज समोर बसलेले आहेत. काका, ग्रंथालय कुठे आहे असे आपण विचारले होते. ते आहे. कर आपणच भरतो, वहीही तिथे ठेवलेली आहे. आपले नाव तेवढे तिच्यात लिहायचे राहिले आहे. सभा संपल्यावर सभासदत्वाचे कोरे फॉर्म दारापाशी ठेवले आहेत. चहा घेण्याआधी ते भरावेत, कारण चहानंतर कोणी थांबत नाही, हा माझा अनुभव आहे.