आधी गच्चीला चुना, मग पंखा

चैत्र लागला की स्लॅबची घरं रात्री अकरालाही भट्टीसारखी तापलेली असतात. दिवसभराचं ऊन स्लॅब रात्री घरात सोडतो आणि पंखा तीच गरम हवा खाली ढकलतो. बाळंतीण, तान्हं मूल, म्हातारी माणसं, कुणालाच झोप नाही. म्हणून आम्ही म्हणतो, आधी छताचं बघा.

पांढरा रंग ऊन परतवतो. अहमदाबादेत २०१७ साली वस्त्यांमधली छपरं अशीच पांढरी केली. कळीचा चुना आदल्या दिवशी भिजवा. विरताना तो उकळतो, पोरांना लांब ठेवा, डोळे सांभाळा. गाळून डिंकाचं पाणी घाला. गच्ची धुऊन, उन्हं कलल्यावर दोन हात मारा. पावसात चुना धुपतो, म्हणून दरवर्षी होळीनंतर पुन्हा द्यायचा. पत्र्यावर मात्र तो टिकत नाही, पोपडे निघतात. तिथं ऊन परतवणारा पांढरा रंगच घ्या, महाग पडला तरी.

आता पंखा. जुना साधारण ७५ वॅट खातो, बीएलडीसी ३०च्या आसपास. रोज १५ तास चालला तर महिन्याला २० युनिट वाचतात. गटानं पाच-सहा एकदम घेतले तर भाव उतरतो. घासाघीस आपल्याला कुणी शिकवायला नको!

आणि गच्चीचं पाणी साठवत असाल, तर पहिला पाऊस वाहून जाऊ द्या.