शाळेत जाऊन बसा, मग ठरवा

आम्ही बचत गटातल्या अकरा जणी. आज आमच्यातल्याच एकीच्या लेकराबद्दल बोलणार आहोत. तिनंच सांगितलं, बोला, पण नाव घेऊ नका.

मुलगा सहा वर्षांचा. हाक मारली तर वळून बघत नसे. डब्याचं झाकण फिरवत तासन्‌तास बसायचा आणि कुकरची शिट्टी झाली की कान दाबून ओरडायचा. घरचे म्हणायचे, बापही उशिराच बोलला होता. आम्हीही तेच म्हणायचो, हे कबूल करतो. अंगणवाडीत तपासणीला आलेल्या डॉक्टरांनी जिल्हा रुग्णालयात पाठवलं. तिथं कळलं, हा ऑटिझम, म्हणजे स्वमग्नता. आईच्या संगोपनात खोट असल्यानं हा होत नाही. हे सासूबाईंनी डॉक्टरांच्याच तोंडून ऐकलं ते बरं झालं, आमचं त्यांनी ऐकलं नसतं.

खरा घोर शाळेचा. एका खाजगी शाळेनं दोन महिन्यांत घरी पाठवलं. पोरगं ओरडतं, बाकीचे पालक तक्रार करतात, म्हणे. मग कुणी जिल्ह्याच्या गावची निवासी विशेष शाळा सुचवली. ज्याला पाणी मागता येत नाही त्याला वसतिगृहात ठेवायचं? त्या महिन्याच्या बैठकीत कर्जाचा विषय बाजूलाच राहिला.

आधी बघून येऊ म्हणून तिघी गेलो. वाटलं होतं, पोरं नुसती सांभाळत असतील. तसं नव्हतं. एका बाईंकडे सात-आठ मुलं. भिंतीवर दिवसभराच्या कामांची चित्रं होती. काम झालं की मूल ते चित्र काढून डब्यात टाकायचं. न बोलणारी एक मुलगी पेल्याचं चित्र दाखवून पाणी मागत होती. ते बघून आमच्या ताईच्या डोळ्यांत पाणी आलं. पण तिथली मुलं वयानं मोठी होती आणि घर लांब. दुसऱ्या एखाद्या मुलाला तीच शाळा बरी पडेल.

मग गावातल्या जिल्हा परिषद शाळेत जाऊन बसलो. गुरुजी म्हणाले, "मला यातलं काही येत नाही, पण शिकेन." गोड बोलणाऱ्या खाजगी शाळेपेक्षा आम्हाला हे पटलं. तालुक्याच्या गट साधन केंद्रातून विशेष शिक्षक मिळतात, हेही त्यांच्याकडूनच कळलं. चित्रांची पट्टी आम्ही जुन्या लग्नपत्रिकांवर केली: प्रार्थना, पाटी, खिचडी, घर.

तुम्ही शाळा बघायला जाल तेव्हा रंगरंगोटी बघू नका. मधल्या सुट्टीपर्यंत बसा. मूल ओरडलं तर बाई दटावतात, की गोंगाटातून बाहेर नेतात? लघवीला जायचं ते मूल कसं सांगणार? आणि फाटकाला कडी आहे का? ही मुलं कुणाला न कळता निघून जातात, पाण्याकडे तर हमखास. आमच्या शाळेमागं विहीर आहे. तिला जाळी बसवल्याशिवाय पोराला पाठवायचं नाही, यावर आम्ही ग्रामपंचायतीत अडून बसलो. जाळी बसली.

कुणी प्रवेश नाकारला तर गप्प परतू नका. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात ऑटिझम आहे. प्रमाणपत्रावर ४० टक्के किंवा जास्त दिव्यांगत्व असेल, तर ६ ते १८ वर्षांपर्यंत जवळच्या शाळेत किंवा आपल्या पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. निवड आपली, शाळेची नव्हे. नकार तोंडी घेऊ नका, लेखी मागा. प्रमाणपत्र सरकारी रुग्णालयातून मिळतं. अर्ज ऑनलाइन भरतात. प्रवासभत्ता आणि मदतनीस भत्ता असतो, त्याचीही गट साधन केंद्रात चौकशी करा.

सुरुवातीला तो एकच तास बसायचा. आता जेवणापर्यंत थांबतो. घंटा द्यायच्या आधी गुरुजी त्याला घंटेचं चित्र दाखवतात, मग तो स्वतःच कान झाकून घेतो. मागच्या आठवड्यात दोनदा ओरडला, एकदा पाटी फोडली. खिचडीला अजून हात लावत नाही. पांढरा भात डब्यात नेतो, आणि तो डबा रोज आमच्यापैकी एक जण पोचवते, कारण त्याची आई त्या वेळी मजुरीवर असते.